मेलेल्या गावाचे आपेम

सरकारी लोकसंख्या नोंदवहीत नोंद कुणाची बदलायची, ही अट लगिमानने लिहिलेला प्रोग्रॅम एक्सेलच्या भरलेल्या रकान्यांवरून जुळवायचा. रिकामा रकाना सरळ वगळायचा. कारकून सुपार्तीबाईंच्या यादीत एका ओळीत नाव, नंबर काहीच नव्हतं, नुसतं ‘मृत’. अटच उरली नाही, म्हणून प्रोग्रॅमने सगळ्यांच्याच नोंदीत ‘मृत’ भरलं, आणि जावा बेटावरच्या क्लातेन शहराजवळचं अख्खं गाव सरकारदरबारी मेलं.

“यादीच चुकीची होती,” साहेबांनी झापल्यावर लगिमान त्यांना म्हणाला. बाईंनी सगळ्यांदेखत माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी बाई आपेम घेऊन आल्या, मृतांच्या नावाने करतात ते तांदळाच्या पिठाचे छोटे गोड केक. “मीही त्याच गावची. म्हटलं, आपले दिवस आपणच घालावेत. माझ्यापायी तुला बोलणी खावी लागली, बाळा. घे.”

लगिमानने दोन आपेम एकदम कोंबले. तोंड भरलेलं असणं त्याच्या पथ्यावर पडलं.