सूचना क्रमांक सतरा

मी एका मोठ्या लॉन्ड्रीतला सूचनाफलक बोलतोय. अंग लाकडाचं, त्यावर हिरवं जाड लोकरी कापड म्हणजे बनात, पुढे काचेचं दार आणि दाराला पितळी कुलूप. मी डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला ज्या सुताराने घडवलं तो साधा माणूस होता. बनात ताणून बसवताना तो आपल्या जोडीदाराला म्हणाला होता, "हे चांगलं काम आहे. यावर लावलेलं सगळ्यांना कळतं." त्या बिचाऱ्याला लॉन्ड्री ठाऊक नव्हती.

आमच्याकडे दवाखान्यांचे कपडे यायचे. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. पोत्यांतून मळके यायचे आणि घड्या होऊन परत जायचे. कामाला साठ बायका होत्या. वाचता येणारे चार, आणि ते चारही ऑफिसात खुर्चीवर. मला कँटीनच्या दाराशी टांगलं होतं. येता-जाता बायका माझ्यासमोर थांबायच्या, काचेत बघून केस सारखे करायच्या आणि पुढे जायच्या. माझ्या पोटात काय लिहिलंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि ऑफिसला ते नेमकं सोयीचं होतं. किल्ली मॅनेजरसाहेबांच्या खिशात असायची.

त्या साठ जणींत दोघी बहिणी होत्या. थोरली घड्यांच्या टेबलावर, धाकटी गरम रोलरवर. थोरली तोंडाने फटकळ, धाकटी मुखदुर्बळ. थोरलीनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं आणि तिनेच मुकादमाकडे शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं.

रोलर म्हणजे दोन तापलेली लोखंडी लाटणी. ओली चादर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने कोरडी बाहेर येते. रोलरच्या तोंडाशी हात जाऊ नये म्हणून जाळी हवी, असं फिटर किती वेळा ऑफिसात जाऊन सांगत होता. "बघू," असं म्हणून साहेब त्याला वाटेला लावायचे.

एका दुपारी चादर तोंडाशी गोळा झाली. धाकटी ती सरळ करायला गेली आणि चादरीबरोबर तिचा उजवा हात आत गेला. मला रोलर दिसत नाही. मला फक्त ओरडणं ऐकू आलं, मग मशीन थांबल्याचं, आणि मग थोरली धावताना दिसली. धाकटीची तीन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी कारकून दवाखान्यात जाऊन आला. औषधोपचाराचा कागद आहे, असं सांगून त्याने धाकटीच्या डाव्या हाताचा अंगठा उठवून आणला. चौथ्या दिवशी सकाळी फिटर माझ्यासमोरून जाळी घेऊन गेला, पिवळी, नवीकोरी, आणि त्याने ती रोलरला बसवली. त्याच दिवशी, बायका कामावर असताना, साहेबांनी माझं कुलूप उघडलं आणि एक कागद माझ्या उरात टोचला. सूचना क्रमांक सतरा. शाई ओली होती. मला तिचा वास येत होता. पण वरची तारीख मागच्या महिन्यातली होती.

मी ते पाहिलं. माझ्याइतकं जवळून कोणीच पाहिलं नाही. आणि मला तोंड नाही.

आठवड्याने सरकारी तपासणी अधिकारी आले. त्यांनी मला वाचलं, जाळी बघितली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहून ते निघून गेले. बायकांना मशीन सोडून हलायचं नाही असा हुकूम होता. मग ऑफिसात थोरलीला बोलावलं. दार उघडं होतं म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"चालू रोलरवर हात नेऊ नये, अशी सूचना महिनाभर आधी लावली होती," साहेब म्हणाले. "तुझ्या बहिणीने ती पाळली नाही. चूक माझी, असं तिने अंगठ्यासह लिहून दिलंय. हा निष्काळजीपणा आहे. तिला भरपाईही नाही आणि कामही नाही."

"साहेब, तिला वाचता येत नाही."

"तो काय माझा दोष?"

थोरली बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. त्या दिवशी तिने केस सारखे केले नाहीत. यातला कुठला कागद, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. जाणाऱ्या कारकुनाला तिने विचारलं. त्याने न थांबता बोट दाखवलं. तिने तो कागद डोळ्यांत साठवून घेतला. डाव्या कोपऱ्यात, तीन ओळी, खाली सही. तेव्हापासून रोज ती त्याच्याकडे असं बघायची की मला बरं वाटायचं. या लॉन्ड्रीत आता डूख धरणारे आम्ही दोघे झालो होतो.

दोन-तीन महिन्यांनी एका बड्या दवाखान्याचे लोक लॉन्ड्री बघायला आले. हजेरीच्या वहीत पानभर अंगठे बघून त्यांनी नाक मुरडलं. साहेबांना ते झोंबलं. लगेच ठरलं की बायकांना सही शिकवायची. शिफ्ट सुटल्यावर रोज अर्धा तास, कँटीनमध्ये. त्यासाठी एक बाई आणल्या. त्या छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम करून निवृत्त झाल्या होत्या. सगळे त्यांना जुळारीबाई म्हणायला लागले.

"मी जन्मभर अक्षरं उलटी वाचली," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. तुम्हाला तर सुलटीच वाचायची आहेत. रडायचं नाही." मग त्यांनी एकेकीला विचारलं, "कशाला शिकायचंय?"

एक म्हणाली, बसची पाटी वाचायची आहे. एक म्हणाली, औषधाच्या बाटल्या सारख्याच दिसतात, सासऱ्यांना चुकून भलतंच दिलं जाईल अशी भीती वाटते. एकीला मुलीच्या वहीत लाल शाईने काय लिहून येतं ते कळायला हवं होतं.

थोरली म्हणाली, "मला सूड घ्यायचाय."

जुळारीबाईंनी चष्मा पुसला. "चालेल," त्या म्हणाल्या. "बाराखडी तीच आहे."

तिसऱ्या महिन्यात बावीस जणी सही करायला लागल्या. साहेबांनी हजेरीची वही चाळली आणि खूश होऊन म्हणाले, "झालं की शिक्षण. आता वर्ग बंद करायला हरकत नाही."

जुळारीबाई काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सह्या आल्या, पण शिस्त यायची आहे. तुमच्या सूचना त्यांना वाचता आल्या तर बरं नाही का? मी फलकावरच शिकवते. पुस्तकांचा खर्च नको."

साहेब हसले. "वाचू द्या, वाचू द्या," म्हणाले. त्यांच्या डोक्यात या बायका म्हणजे अजून अंगठेच होते.

आणि तेव्हापासून माझं आयुष्य बदललं. रोज संध्याकाळी बावीस जणी माझ्यासमोर दाटीने उभ्या राहायच्या. साबणाने चिरलेली बोटं काचेवर फिरायची. 'उशिरा येणाऱ्यास' म्हणताना एक अडखळायची, दुसरी तिला सावरायची. कँटीनमध्ये दोनदा चहा मिळण्याचा नियम माझ्या पोटात पाच वर्षं पडून होता. मिळत होता एकदाच. तो सापडला त्या दिवशी बायका इतक्या हसल्या की मुकादम बघायला आला.

सूचना सतरा मात्र थोरलीने कोणाला वाचू दिली नाही. बाई म्हणाल्या, "मी वाचून दाखवू?"

"नको. त्यात काय आहे ते साहेबांनी सांगितलंय. पण माझ्या बहिणीला ज्याने घरी बसवलं, तो कागद मी माझ्या तोंडाने वाचणार."

जोडाक्षरं जमायला तिला एकूण आठ महिने लागले. मग एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती एकटीच थांबली. बाई कँटीनमध्ये फळा पुसत होत्या. तिने बोट काचेवर टेकवलं. "गरम रोलर चालू असताना पि... व... ळ्या..." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "पिवळ्या जाळीच्या आत हात घालू नये."

ती तिसऱ्यांदा वाचून मग म्हणाली, "बाई, जरा इकडे या. इथे 'पिवळ्या जाळीच्या' असंच आहे ना?"

"हो. का गं?"

"आणि ही तारीख? मागच्या वर्षीची, अपघाताच्या आधीच्या महिन्यातली?"

"बरोबर."

"तेव्हा जाळी होती कुठे? ती तर हात गेल्यावर बसवली."

बाईंनी चष्मा सारखा करून तारीख पुन्हा वाचली. हा कागद त्यांनी पन्नास वेळा वाचला होता, पण जाळी कधी बसली ते त्यांना माहीत नव्हतं. तपासणी अधिकाऱ्यांनाही माहीत नव्हतं. ज्या साठ जणींना माहीत होतं त्यांना वाचता येत नव्हतं. एवढ्या एका फटीत साहेबांचं खोटं वर्षभर सुखाने नांदत होतं.

"उद्याच तक्रार करू," बाई म्हणाल्या.

"नको. कागद काचेच्या आत, किल्ली त्यांच्या खिशात. कुणकुण लागली तर कागद जाईल. अधिकारी वर्षाने येतातच. तोवर दम धरू."

सात आठवडे होते. तेवढ्या दिवसांत थोरलीने एकेकीला माझ्यासमोर आणून तो कागद वाचायला लावला. सांगितलं काहीच नाही. प्रत्येक बाई 'पिवळ्या'पाशी थबकायची, वळून रोलरच्या दिशेने बघायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. बावीस तोंडं आणि एकातूनही शब्द फुटला नाही.

मधे एकदा माझा जीव टांगणीला लागला. साहेब जुने कागद काढायला आले. कुलूप उघडलं, हात सतराच्या टाचणीवर गेला.

"तेवढा राहू द्या साहेब," जुळारीबाई मागून सहज म्हणाल्या. "फार नमुनेदार लिहिलाय. धड्याला असा मजकूर मिळत नाही."

साहेबांची कळी खुलली. कागद राहिला.

अधिकारी आले. साहेब त्यांना माझ्याजवळ घेऊन आले आणि आमच्या बायकाही आता वाचतात म्हणून कौतुक सांगायला लागले. "वाच गं एखादी," त्यांनी समोरच्या टेबलाकडे हाक मारली. समोर थोरली होती. ती हात पुसत आली आणि तिने सूचना क्रमांक सतरा तारखेपासून सहीपर्यंत, एकही अक्षर न अडखळता वाचली.

"छान," अधिकारी म्हणाले.

"आता जाळी कधी बसवली ते विचारा."

अधिकाऱ्यांनी फिटरला बोलावलं. त्याने साहेबांकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "आठवत नाही," म्हणाला. तेवढ्यात घड्यांच्या टेबलावरून एक आवाज आला, मग इस्त्रीकडून, मग रोलरवरून. "अपघातानंतर." "चौथ्या दिवशी." फिटरने मान वर केली. "चौथ्या दिवशी, सकाळी," तो म्हणाला. "मी आधीपासून मागत होतो." साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते दृश्य मी काचेसकट आत ठेवून घेतलंय.

चौकशी कँटीनमध्येच झाली. साहेब म्हणाले, मजकूर कारकुनाने लिहिला, तारीखही त्यानेच घातली, गडबडीत मी न वाचता सही केली.

थोरली उठली. "माझ्या बहिणीनेही न वाचता अंगठा दिला होता," ती म्हणाली. "तिला वाचता येत नव्हतं. तुम्हाला येत होतं." आणि बसली.

साहेबांची नोकरी गेली. जाताना त्यांनी माझ्यासमोरून जायचं टाळलं, मागच्या दाराने गेले. धाकटीला भरपाई मिळाली आणि कपड्यांवर खुणा घालण्याचं बसून करायचं काम मिळालं. थोरली तिला आनंदाने सांगायला गेली तेव्हा ती म्हणाली, "तुझं उट्टं निघालं, ताई. माझी बोटं काही आली नाहीत." पण त्याच आठवड्यात धाकटी वर्गात येऊन बसली आणि डाव्या हाताने पाटीवर 'अ' काढायला लागली. वाकडा निघाला. तिने तो पुसून पुन्हा काढला.

आता माझं लाकूड फुगलंय, दार नीट लागत नाही, बनातीला भोकं पडलीत. नवे साहेब मला बदलायचं म्हणतात. खुशाल बदला. फक्त माझ्या जागी येणाऱ्यालाही याच दाराशी टांगा, जिथे रोज बायका थांबतात. परवा नव्या साहेबांनी जादा कामाची सूचना लावली. तीस जणी समोर उभ्या राहिल्या. धाकटीने मोठ्याने वाचलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "साहेब, 'आवश्यकतेनुसार' म्हणजे नेमकं किती तास?"

साहेबांनी टाचणी काढली आणि कागद परत ऑफिसात नेला.