तिसरा नारळ

"साहेब, या पुलाचा हा कितवा नारळ?"

उर्वशीने विचारलं आणि मंडपातली कुजबुज थांबली. "हिंमत असन तं विचारून दाखव," म्हणणाऱ्या तिच्या मैत्रिणी निकिता आणि दीपमाला आता ओढणीत तोंड लपवून बसल्या.

प्रश्न खोटा नव्हता. पावसाळ्यात नाला भरला की गावाची दारव्ह्याची वाट बंद व्हायची. नाल्याच्या काठावर दोन कोनशिला आधीच होत्या. एकीला शेळी बांधलेली असे. दुसरी आडवी झाली होती, तिच्यावर बाया धुणं आपटत. निवडणूक जवळ आली की भूमिपूजन व्हायचं आणि नारळ फोडायचा मान उर्वशीच्या वडिलांचा, भगवानरावांचा. एका फटक्यात बरोब्बर दोन भकलं करणारा हात गावात दुसरा नव्हता. उर्वशीने दहावीनंतर दारव्ह्याला सायन्सला जायचं म्हटलं, की ते म्हणत, "पूल होऊ दे, मंग जाय. सायबानं शब्द देला हाये."

आमदार साहेबांनी हसत माइक जवळ ओढला. "बेटा, हा शेवटचा. पुढच्या पावसाळ्यात तू पुलावरूनच कॉलेजात जाशील."

"मागच्या खेपेले माह्या ताईलेही असंच म्हणलं होतं तुम्ही. ती वाट पाह्यत बसली, अन् तिचं लगन होऊन गेलं."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळा मंडप. साहेबांनी घाईने खूण केली, "भगवानराव, फोडा."

भगवानरावांनी नारळ उचलला. आडव्या कोनशिलेकडे बघितलं. मग नारळ साहेबांच्या हाती देत शांतपणे म्हणाले, "आज हात दुखून राह्यला, साहेब. तुमीच फोडा."

साहेबांनी तीन फटके मारले. चौथ्याला नारळ घरंगळत नाल्यात गेला आणि त्यांच्या हातात नुसती शेंडी राहिली.

घरी आल्यावर उर्वशीच्या आईने, विमलताईंनी, भाकरी थापता थापता लेकीला दटावलं, "इतकं कायले बोलावं चारचौघांत?" पण त्यांचं हसू काही लपेना. भगवानराव ताटावर बसून उजवा हात उघडून बघत होते. दुखत बिखत काही नव्हतं.

उर्वशी दोघांच्या मधे मांडी घालून बसली.

"आई, बाबा, दहावी झाली का मी दारव्ह्याले होस्टेलात राहून शिकीन. पूल झाला तं दिवाळीले त्याच्यावरून येईन. नाही झाला तं चप्पल हातात घेऊन येईन."