दोरावर माणूस असेपर्यंत

माझा नवरा कड्यावरून पडून मरणार, ही माझी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासूनची खात्री होती. शनिवार उजाडला की तो आणि माझा दीर, दोघे भाऊ, पाठीवर दोराची भेंडोळी टाकून कडे चढायला निघायचे आणि मी खिडकीत उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. थंडीत तर दुकान बंद ठेवून बर्फाच्या डोंगरांवर जायचे, नाकं सोलवटून परत यायचे आणि वर मलाच फोटो दाखवायचे. "दुरून डोंगर साजरे, जवळ जाऊन काय चाटायचेत?" असं मी म्हटलं की दोघं एकदम फिदीफिदी हसायचे.

आणि शेवटी गेला कुठे? घरात. सोफ्यावर, टीव्हीसमोर, हातात चहाचा कप घेऊन. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला इतका संताप आला त्याचा! आयुष्यभर मला खिडकीत उभं केलंन, आणि गेला तेव्हा मी आत कांदा चिरत होते.

मग घरात उरलो मी आणि भाऊजी. भाऊजींनी लग्न केलं नाही, कोणी विचारलं तर म्हणायचे, "ओरडायला एक वहिनी पुरते." दोघा भावांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, वर आमच्या खोल्या, मागच्या बाजूची खोली भाऊजींची. भाऊ गेल्यावर ते दुकान नेमानं उघडायचे, किल्ल्या कापायचे, पण शनिवार आला की दोर मांडीवर घेऊन खोलीत नुसते बसून राहायचे. कडा एकट्यानं चढत नाहीत. खाली उभं राहून दोर धरायला कोणीतरी लागतं, आणि त्यांचं कोणीतरी गेलं होतं.

ते बघून बघून एका शनिवारी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "उठा. मी धरते तुमचा दोर. तुमच्या भावाला इतकी वर्षं धरून ठेवलं, तुमचं काय मोठंसं!"

भाऊजींनी मला शिकवलं, आणि शिकवताना ते माझ्यावर ओरडायचे. फिटंफाट झाली म्हणायची. पहिला नियम: आपली गाठ आपण बांधायची, पण ती दुसऱ्यानं ओढून बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मग तुम्ही कितीही मोठे तीसमारखां असा. दुसरं म्हणजे त्या दोघांचे ठरलेले शब्द. मोठ्या कड्यांवर एक आधी चढतो, वर स्वतःला खडकाला बांधून घेतो आणि ओरडतो, "बसलो!" खालचा दोर मोकळा करतो, त्याचं टोक स्वतःला बांधतो आणि ओरडतो, "निघालो!" तो चढू लागतो तसतसा वरचा दोर ओढून घेत जातो. आणि तिसरा नियम सगळ्यांचा बाप: दोरावर माणूस असेपर्यंत वरच्यानं जागचं हलायचं नाही. मधमाश्या उठल्या तरी नाही.

खोटं कशाला बोलू, मी काही डोंगराच्या प्रेमात वगैरे पडले नाही. मी जायचे ते वेगळ्याच लोभानं. कड्याखाली डबा उघडला की भाऊजी त्याच्याबद्दल बोलायचे. हा माझा नवरा घरात दिवसाला चार वाक्यं बोलायचा, तो म्हणे कड्यावर गाणी म्हणायचा! बर्फात एकदा भाऊजींचे पाय रात्रभर स्वतःच्या पोटाशी धरून बसला होता. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दर शनिवारी मला माझ्या नवऱ्याचा एकेक तुकडा मिळत होता, आणि तो फक्त या एका माणसाकडे होता. हे गेले की तो दुसऱ्यांदा जाणार, हे मला पक्कं कळत होतं.

म्हणून भाऊजींनी कापलेल्या किल्ल्या कुलपांना लागेनात आणि परत यायला लागल्या तेव्हा मी आधी गिऱ्हाइकांशीच भांडले. "तुमचंच कुलूप गंजलं असेल." मग एक दिवस बघितलं, भाऊजींनी मूळ किल्ली यंत्रात उलटी अडकवली होती आणि कोरी किल्ली भलतीकडेच कापत होते. पितळेचा भुगा हातावर उडत होता आणि चेहऱ्यावर काही नाही, शांत. पुढे रस्त्यांची नावं गेली. शेजाऱ्यांची गेली. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि म्हणाले, हळूहळू सगळंच जाईल.

आणि मग ते कड्याखाली झालं. भाऊजी गाठ बांधता बांधता मला बर्फातली काहीतरी गंमत सांगत होते. सांगून झालं, हसले आणि खडकाला हात घातला. मी सवयीनं गाठ ओढली तर दोर सरळ माझ्या हातात आला. अर्धी घेतली होती, अर्धी राहिली होती. मी त्यांना वाट्टेल ते बोलले, मग झाडामागे जाऊन रडले. त्या दिवसापासून गाठ मी बांधायची आणि दोर आधीच वरून सोडलेला असायचा, म्हणजे हात सुटला तरी ते जागच्या जागी लटकतील.

माझी ताई म्हणाली, "पुरे झालं. अशा माणसांसाठी चांगली ठिकाणं असतात, तिथे ठेव." मी म्हटलं, "माझा दीर आहे तो, दुकानातलं कुलूप नाही, फडताळात ठेवायला." ताई म्हणाली, "अगं, पण निदान ते चढणं तरी बंद कर." तेही मला करवेना. शनिवारी सकाळी त्यांना सगळं आठवायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. बुटाचे बंद आवळताना ते पूर्वीचे भाऊजी असायचे. तेवढ्यासाठी मी बाकीचा आठवडा काढायचे.

त्या शनिवारी हवा स्वच्छ होती. कडा नेहमीचाच, सगळ्यात सोपा, त्यांचा पायाखालचा. मी मागच्या पायवाटेनं वर गेले, माथ्याच्या जरा खाली ठोकलेल्या कडीतून दोर ओवला, दोन्ही टोकं खाली सोडली आणि धापा टाकत परत आले. एक टोक त्यांच्या कमरपट्ट्याला बांधलं, दुसऱ्या बाजूचा दोर माझ्या पट्ट्यातल्या पकडीत घेतला. ते चढतील तसा मी ओढून घ्यायचा. कडीपाशी पोचले की त्यांनी मागे टेकायचं आणि मी सावकाश खाली घ्यायचं. इतकं साधं.

चढले मात्र असे की बघत राहावं. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते. कडीपाशी पोचले. थांबले नाहीत. कडी ओलांडून माथ्यावर गेले आणि काठावर बसले. मला खालून त्यांच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते.

"बसलो!" वरून आवाज आला.

तिथे स्वतःला बांधून घ्यायला काहीही नव्हतं. ते दुसऱ्याच कुठल्यातरी कड्यावर होते, दुसऱ्याच कुठल्यातरी वर्षी.

"भाऊजी, मागे टेका! मी खाली घेते!"

"कोण बोलतंय?"

"मी! वहिनी!"

"वहिनी इथे कशाला मरायला येतील? त्यांना डोंगराचं वावडं आहे," ते म्हणाले. "दादा कुठाय? दादा, येणार नसशील तर मी गाठ सोडतो. पलीकडून उतरतो."

पलीकडे उतार नव्हता. पलीकडे सरळ दरी होती. पायवाट मागे होती, आणि ज्या माणसाला चार दिवसांपूर्वी न्हाणीघराचं दार सापडलं नव्हतं त्याला ती सापडणार नव्हती. "हलू नका!" मी ओरडले. रडले. शिव्या घातल्या. एक तळवा दिसेनासा झाला. ते उठत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा निघाला! दोर घ्या!"

बूट परत काठावर आला. "असं होय! मग सांगायचं नाही का आधी?" आवाज एकदम खुशीत. "ये रे! घेतोय मी!" आणि दोर वर ओढला जाऊ लागला.

आता ते जागचे हलणार नव्हते. दोरावर त्यांचा भाऊ होता. मी दोर पकडीतून काढला. नुसता सोडला असता तर हलका लागला असता आणि त्यांना संशय आला असता. झाडाला बांधून टाकला असता तर भाऊ अडकला म्हणून सोडवायला ते काठावरून वाकले असते. म्हणून मी बुंध्याला दोराचा एक वेढा दिला. वेढ्यातून दोर घासत, जड होत जातो, माणूस चढत असावा तसा. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. आणि मी पायवाटेनं पळत सुटले.

मुरूम घसरत होता, गुडघे बोंबलत होते. वरून भाऊजींचा आवाज येत होता. "ये, ये. डावीकडे घे. हां, तिथे बोटं घाल. दमलास? दम खा, मी आहे." इतक्या मायेनं बोलत होते की पळता पळता मी दोनदा कड्याकडे वळून बघितलं. वेडी कुठली! माझा नवरा खरंच चढत असल्यासारखं वाटत होतं. मग त्यांचा आवाज बंद झाला.

मी माथ्यावर पोचले तेव्हा ते काठावरच होते, टाचा रोवून, मांडीवर दोराचा ढीग. मी आधी मागून त्यांचा पट्टा धरला आणि दोन्ही हातांनी त्यांना फरफटत आत ओढलं. जिवंत होते. मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकून देवाचे, झाडाचे, कोणाकोणाचे आभार मानले. त्यानंतर त्यांचा चेहरा बघितला.

"जड येत होता, वहिनी," ते म्हणाले. आता त्यांनी मला ओळखलं होतं. "अगदी त्याच्यासारखा जड. आणि एकदम हलका झाला."

त्यांच्या मुठीत दोराचं टोक होतं. दोर संपला, वेढ्यातून सुटला आणि रिकामा वर आला, इतकंच झालं होतं. दोराला शेवट असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"गाठच नाही," ते मला टोक दाखवत म्हणाले. "अर्धी बांधली असेल त्यानं. मी ओढून बघितली नाही, वहिनी. मी बघायला हवी होती ना? ते माझं काम होतं."

"भाऊजी, अहो, कोणी पडलं नाही. दोरावर कोणी नव्हतंच. तो घरी गेला, सोफ्यावर, चहा पिताना. तुम्हीच धावत जाऊन डॉक्टरांना आणलंत. मी खोटं बोलले, तुम्ही उठू नये म्हणून." मी हात जोडले. त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत इतकी कणव होती. "मला सावरायला म्हणून सांगताय हे," ते म्हणाले. "तुमचा नवरा गेला आणि तुम्ही मला सावरताय." आणि खाली मान घालून लहान मुलासारखे रडायला लागले.

मला वाटलं, जाईल हेही. सगळं गेलं तसं हेही जाईल. सकाळचा चहा दुपारी आठवत नव्हता त्यांना! पण हे राहिलं. डॉक्टर म्हणाले, मनाला जे फार लागतं ते कधी कधी तसंच चिकटून बसतं. दुकान गेलं, कडे गेले, बर्फ गेलं, भावाची गाणी गेली. राहिलं ते एवढंच, की भाऊ आपल्या हातून पडला. आणि राहिले मी, त्याची बायको. मी खोलीत आले की ते उठून भिंतीकडे तोंड करायचे. मी वाढलेल्या ताटाला हात लावेनात. मी रोज खरं काय ते सांगायचे, आणि रोज त्यांना वाटायचं की या बाईचं मन किती मोठं आहे. शेवटी एक दिवस त्यांनी माझ्या ताईचा हात धरला आणि म्हणाले, "मला दुसरीकडे कुठेही ठेवा. वहिनींना तोंड दाखवणं होत नाही मला."

ठेवलं. जागा चांगली आहे, स्वच्छ आहे. तिथल्या बाईच्या हातून ते पोटभर जेवतात. मी शनिवारी जाते आणि दाराच्या काचेतून बघते. ती बाई दर वेळी विचारते, "आत येता का?" मी म्हणते, "नको, झोपलेत, झोपू दे."

ते झोपलेले नसतात. खिडकीपाशी बसलेले असतात.