सरकलेलं शून्य

आजोबांनी चाळीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले होते. माणसं थापा मारतात, काटा मारत नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे डायलिसिसला आले तेव्हा धाप लागली होती, खोकला थांबत नव्हता, तरी आधी ते काट्यावर चढले.

"बासष्ट! नेहमीचंच. फळ्यावर माझं सुकं वजन, जादा पाण्याशिवायचं, साठ; वर दोन किलो पाणी. दोन लिटर काढा सिस्टर, आणि सोडा मला घरी."

"घरी म्हणे! तुमच्या नाकात विषाणू निघालाय. ऑक्सिजन एक्क्याण्णव. छातीत संसर्ग उतरला असेल तर मुक्काम वरच्या मजल्यावर. तिथे भेटायला कुणाला सोडत नाहीत."

आजोबांनी मान वळवली. या वेगळ्या खोलीच्या काचेपलीकडे आजी बाकावर बसल्या होत्या. बेचाळीस वर्षांत दोघं एक रात्रही वेगळी राहिली नव्हती. कडाकडा भांडली तरी पाठ फिरवून एकाच खोलीत झोपायची.

फोन वाजला. "अहो, काय म्हणतायत?"

"वजन बरोबर आहे."

"वजनाचं कौतुक पुरे! श्वासाचं बोला."

तेवढ्यात डॉक्टरबाई हातात मावेल एवढं सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आल्या. आजोबांनी फोन तसाच उशीवर ठेवला. छातीवर गार जेल पडताच ते दचकले.

"आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर शर्ट वर केला असतात का?" बाई बरगड्यांमधून यंत्र फिरवू लागल्या. पडद्यावर वरून खाली पांढऱ्या रेघा उतरल्या, फणीच्या दातांसारख्या.

"वाईट आहे का?"

"फुप्फुस ओलं आहे. पाण्यानं होतं, विषाणूनंही होतं. पण विषाणू बहुतेक ठिगळं लावत जातो, कड खडबडीत करतो. तुमची कड गुळगुळीत, दोन्ही बाजू सारख्या. पोटातली मोठी शीरही टम्म फुगलीय. मला पाणीच वाटतंय, नेहमीपेक्षा जास्त."

"कसं असेल? काटा..."

"आठवडाभर जेवलात काय?"

आजोबा पडद्यावरच्या रेघा मोजू लागले. उशीवरचा फोन मात्र कडाडला, "काही नाही! ताट जसंच्या तसं परत! मी सांगून थकले!"

बाई हसल्या. "ऐका. अंगावरचं दीड किलो झडलं, त्या जागी दीड किलो पाणी येऊन बसलं. आकडा तोच राहिला."

आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'मोजण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे ना, ते बघा,' असं त्यांनी हजार दुकानदारांना बजावलं होतं. आणि स्वतःचंच शून्य सरकलेलं त्यांना कळलं नव्हतं.

"पाच तास, साडेतीन लिटर, हळूहळू," बाईंनी सिस्टरना सांगितलं. "मग पुन्हा बघू. रेघा तशाच राहिल्या तर वर."

पाच तास आजोबांनी घड्याळाकडे बघून काढले. काचेपलीकडे आजींनी एकच स्वेटर दोनदा उसवला.

पुन्हा गार जेल. या वेळी आजोबांनीच शर्ट वर केला. उजवीकडे पडदा स्वच्छ. डावीकडे खाली दोनच रेघा, त्याही पुसट. ऑक्सिजन शहाण्णव.

"जा घरी. मास्क लावा, दोन घास खा, परवा या. आणि हो, आठ दिवस वेगळ्या खोलीत झोपायचं."

आजोबांचा चेहरा पडला. फोन अजून चालूच होता.

"पडवीच्या खोलीत तुमची खाट टाकते," आजी म्हणाल्या. "मधलं दार बंद. पण भिंत पातळ आहे. भांडलो तर नीट ऐकू येईल."

आजोबा काट्यावर चढले. साडेअठ्ठावन्न. फळ्यावरचे साठ त्यांनी सिस्टरना आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावले.