गुरुवारचं मौन

"पोरास्नी पास कराय कुणीबी करंल, बाई. पास झाल्यावर फुडं काय, ते तुम्ही शिकवा."

निवृत्त होताना जोतीराम सर एवढंच म्हणाले होते, आणि शालूबाईंनी ते गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं होतं. कुरुंदवाडच्या ज्युनियर कॉलेजात त्या मराठी शिकवत. पण शनिवारी कॉलेज सुटलं की बारावीच्या मुलांना थांबवून घेत आणि कुठल्याच धड्यात नसलेलं शिकवत. बँकेत काय विचारायचं, एकटीनं एसटीनं कोल्हापूर कसं गाठायचं, मुलाखतीत मान वर ठेवून कसं बोलायचं. सगळ्यात अवघड म्हणजे घरच्यांपुढं आपलं म्हणणं कसं मांडायचं. त्यासाठी त्या मुलांकडून चक्क सोंगं करून घेत.

एका शनिवारी त्यांनी राजवीरला बाप केलं. त्यानं कुणाचीतरी ओढणी टॉवेलासारखी खांद्यावर टाकली आणि दानेश्वरीवर डोळे वटारले.

"शिकून काय कलेक्टर हुणार हाईस व्हय गं? भाकरी येतीया का थापाय?"

"मला थापाय येतीया, तुमास्नी खायाला येतीया. मग आडलंय कुठं?"

वर्ग खो खो हसला. शालूबाईंनीही तोंडाला पदर लावला. "अगं, पण मुद्द्याचं राहिलंच की. तुला काय पाहिजे ते सांग ना."

दानेश्वरीचं हसू मावळलं. "आमच्यात आप्पांस्नी आसं तोंडावर सांगत न्हाईत, बाई. कुणीतरी मोठ्यानं सांगाय लागतंय."

"मग मी सांगेन," शालूबाई सहज म्हणून गेल्या.

निकाल लागला. दानेश्वरीचा नंबर कोल्हापूरच्या नर्सिंग कॉलेजात लागला. वर्गातल्या मुलींनी पेढे खाल्ले. दानेश्वरीनं मात्र घरी सांगायचं आज-उद्या करत लांबणीवर टाकलं, आणि बाईंनाही वाटलं, चांगला दिवस बघून जाऊ.

शालूबाईंचा गुरुवार सगळ्या गावाला माहीत होता. पहाटे अंघोळ करून त्या नृसिंहवाडीला जात, प्रदक्षिणा घालत आणि दुपारची महापूजा होईपर्यंत एक शब्द बोलत नसत. मालकांच्या आजारपणात धरलेला नेम. मालक गेले, नेम राहिला. घरात रिकामपण फार झालं तेव्हा या मौनानंच त्यांना सांभाळलं होतं. त्यामुळं गुरुवारी सकाळी वाटेत भेटणारा माणूस नुसते हात जोडायचा आणि पुढं जायचा.

निकालानंतरच्या एका गुरुवारी दानेश्वरी सायकल हाणत वाडीत आली. घामानं थबथबलेली. प्रदक्षिणेच्या वाटेवर तिनं बाईंना गाठलं आणि बरोबर चालत चालतच बोलली.

"बाई, आज माझी सुपारी फोडाय लागल्यात. अमरेशमामाशी. आप्पा फकस्त तुमचं ऐकत्यात. पावणं जेवाय बसायच्या आत चला की."

शालूबाईंची पावलं अडखळली. अमरेश म्हणजे हिच्या आईचा धाकटा भाऊ. कर्नाटक सीमेकडच्या या घरांत भाचीला मामाकडं देतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. बाईंचे ओठ हलले. मग त्यांनी हात वर केला. थांब, पूजा होऊ दे.

पोरगी उभी राहिली. "बरं," म्हणाली. वाकून पाया पडली आणि निघून गेली.

उरलेल्या प्रदक्षिणांत बाईंचं नाम चुकत राहिलं. आरती संपताच त्यांनी रिक्षा केली. दानेश्वरीच्या आप्पांच्या, शशिधरच्या, दारात चपलांचा ढीग होता. आत माणसं जेवून हात धूत होती. पाटाशेजारी हळद-कुंकू सांडलेलं, आणि फुटलेल्या सुपारीचे तुकडे तबकात.

"या की बाई!" दानेश्वरीची आई बसम्मा हौसेनं पुढं आली. "उशीर केलासा. बसा, तोंड गोड करा. आता काळजी मिटली बगा. माझ्या भावाला मी कडंवर वाढवलाय. परक्याच्या घरात पोरगी टाकून रोज जीव टांगणीला लावायचा कशाला?"

शालूबाई बसल्या नाहीत. त्यांनी शशिधरला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. नंबर लागल्याचं, आणि येत्या गुरुवारी प्रवेशाची शेवटची तारीख असल्याचंही. तो ऐकत राहिला. टॉवेलानं हात पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"सकाळी आला असतासा तर सुपारी थांबवली असती, बाई. तुमच्या शब्दाला मान हाय आमच्यात. आता चार लोकांत फुटली."

"मोडा म्हणत नाही मी. लग्न थोडं लांबवा. पोरगी शिकली तर त्यांच्याच घरात उजेड."

"मला इचारून काय उपेग? पावण्यांची झाली ती आता."

बाईंनी अमरेशकडं पाहिलं. नव्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. "तुमचं काय म्हणणं?"

"आक्का म्हणंल तसं," तो जमिनीकडं बघत म्हणाला. त्यालाही कुणी कधी विचारलेलं दिसत नव्हतं.

"ऐकलंसा?" शशिधर हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "राग मानू नगा, बाई. तुमचा गुरुवार तुम्ही कुणासाठी मोडत न्हाईसा. मग आमी दिलेला शब्द आमी कसा मोडायचा?"



दानेश्वरी पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावर पदर, अंगावर आईची इरकली साडी. बाईंच्या जवळ येऊन पुटपुटली, "मी मुद्दाम फुडं काय बोललो न्हाय. तुमचा नेम मोडला आसता तर पाप मला लागलं आसतं."

बाईंनी तांब्या घेतला आणि तसाच खाली टेकवला. दत्ताच्या दारात पोर पदर पसरून उभी होती आणि आपण कुणाशी बोलायचं नाही म्हणून गप्प राहिलो. ते मौन त्याच्यासाठी होतं की आपलं आपल्यासाठीच? देव काही बोलला नसता. बोलायचं होतं ते आपणच.

दारातून बाहेर पडता पडता त्या वळल्या.

"शशिधर, येत्या गुरुवारी सकाळी मी दानेश्वरीला न्यायला येणार. कोल्हापूरला जाऊन संध्याकाळच्या आत तिला दारात आणून सोडीन. पाठवा, न पाठवा, तुमची मर्जी. मी येणार."

शशिधरनं मान वर केली. "गुरुवारी?"

"गुरुवारी."

तबकाजवळ जाऊन बसलेली दानेश्वरी तशीच बसून राहिली, पण तिनं बाईंकडं पाहिलं.

बुधवारी संध्याकाळी शशिधरचा फोन आला. "बाई, तिची आई ऐकंना. पावण्यांकडनंबी निरोप आलाय. तुम्ही येऊ नगा. उगा हेलपाटा."

"पोरगी काय म्हणते?"

"गप हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गुरुवारी पहाटे शालूबाईंनी अंघोळ केली, देवापुढं निरांजन लावलं आणि हात जोडून म्हणाल्या, "माफ कर." पुढं काही मागितलं नाही. मग कणीक मळली. त्यांचा स्वतःचा उपवास, म्हणून पोळ्या एकाच माणसाच्या केल्या, वर बटाट्याची भाजी घातली, डबा फडक्यात बांधला.

कोपऱ्यावर वाडीला निघालेली रिक्षा थांबली. आतून शेजारच्या झुंबरबाईनं हाक मारली, "चला बाई, जागा हाय!" आणि लगेच जीभ चावली. "आगं बया, इसरलोच की. तुमचं मौन."

"तुम्ही व्हा पुढं," शालूबाई म्हणाल्या. "मला शशिधरच्या घरी जायचंय."

झुंबरबाई बघतच राहिली. रिक्षा पुलाच्या दिशेनं गेली. शालूबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. तळ अजून गरम होता. पदर सावरून त्या बोळात वळल्या.