फटीतून आत शिरलेली आग

मी चकती. लोखंडाची म्हणाल तर रागावेन हं; मी जातिवंत पोलादाची, परातीएवढी, आणि कडेला चौसष्ट पाती खोवलेली. गॅस टर्बाईन नावाच्या यंत्राच्या पोटात माझं आयुष्य गेलं. सातासमुद्रापलीकडे घण सोसून जन्मले आणि १९७४ साली भंडाऱ्याजवळच्या सागाच्या रानातल्या एका कारखान्यात येऊन पडले. बाहेरची वीज गेली की आम्ही वीज करायची, एवढंच काम.

पण काम काय सांगू! माझी पाती धगधगता वायू झेलायची आणि मी मिनिटाला बारा हजार फेऱ्या घ्यायची. माझ्या पोटासमोर बोटभर अंतरावर एक स्थिर भिंत होती आणि मध्ये पोकळी. बाहेर आग, आत मी. मध्ये दार नाही, कडी नाही. होती फक्त कडेची काडीएवढी फट आणि तिच्यातून सतत बाहेर पडणारा गार वारा. गार म्हणजे तुमच्या हाताला फोड आणेल असाच, पण आगीपुढे गारच म्हणायचा. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडून तो एका नळीनं यायचा, माझ्या अंगावरून पसरायचा आणि फटीतून बाहेर रेटत राहायचा. डोळ्यांना न दिसणारा वारा एवढ्या आगीला उंबऱ्यावर थोपवतो, याचं मला आजही नवल वाटतं.

आमची देखभाल करणारा फिटर केवळराम हा एकोडी गावचा, पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणाऱ्या घरातला. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलं की हातातलं काम टाकून तिथं चिखल थापायचा, हे त्याच्या रक्तातच होतं. पाणी वाहून गेलं तर धान जाईल ना! १९७९च्या दुरुस्तीत त्यानं मला उघडलं, वाऱ्याची ती नळी पाहिली आणि हळहळला.

"एवढी हवा फुकट जाऊन रायली," असं पुटपुटत त्यानं नळीच्या तोंडाशी तांब्याची चकली, म्हणजे मधे बारीक भोक असलेलं कडं, बसवली. बोटभर भोकाचं पेन्सिलीएवढं झालं.

झालं, वाचलेल्या हवेनं वीज थोडी वाढली. नागपूरचे इंजिनिअर वासुदेवराव यांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. केवळराम महिनाभर छाती काढून चालत होता.

इकडे माझी काय दशा! वाऱ्याचा जोर कमी पडला आणि पात्यांपुढे दाब चढे तिथून आग आत घुसू लागली. आधी एका जागी, मग तीन जागी. आत शिरून माझ्याबरोबरच गरगरायची. मी तापून निळी पडले, ताणले गेले. मला वाचा कुठली? बेअरिंगचं तेल करपल्याचा वास मात्र बाहेर गेला. केवळरामला तो आला, आणि तरी तो गप्प बसला. कौतुक झालेल्या माणसाला आपली चूक पटकन दिसत नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

मग हुकूम आला. तारांच्या दुरुस्तीसाठी आठ दिवस बाहेरची वीज बंद. टर्बाईन पूर्ण भारावर चालणार. माझ्या शेजारी पाळीपाळीनं दोन माणसं उभी राहणार. मी फुटले असते तर माझे तुकडे पत्रा, भिंत, माणूस, काहीच बघणार नव्हते. माझा जीव टांगणीला लागला.

सकाळी वासुदेवरावांचा हात बटणावर गेला, तोच केवळराम मध्ये येऊन उभा राहिला.

"साहेब, चालू नोका करू. हवेच्या नळीचं भोक मीनंच बारीक केलं."

"कशावरून बिघडलंय?"

"काल घरवाली चूल फुकून रायली होती. मधातच तिनं दम घेतला, तं फुकणीतून धूर उलटा तिच्या तोंडात आला. ठसका लागला तिले. मले तवाच समजलं साहेब, फुंकर थांबली का आग आत येते. तेलाचा वास बी मले महिन्यापासून येऊन रायला, पण बोललो नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यानं भर कारखान्यात उघडली. मला बाहेर काढलं. कडेला तांदळाच्या कणीएवढी भेग होती. वासुदेवरावांनी ती दोनदा मोजली. "दोन दिवससुद्धा निघाले नसते," ते म्हणाले. त्यांनी कागदावर कारण लिहिलं, 'जुनेपणामुळे झीज'. केवळरामची नोकरी वाचली.

माझ्या जागी नवी चकती फिरू लागली. आता १९८७ आहे. मी प्रशिक्षणाच्या खोलीत टेबलावर असते. धूळ बसते, कधी कोणी माझ्यावर डबाही ठेवतं. दर वर्षी नवे फिटर येतात आणि केस पिकलेला केवळराम त्यांना माझ्याभोवती उभं करतो. वाचकांनो, कधी आलात तर त्या भेगेवरून बोट नक्की फिरवा.

यंदा एकानं माझ्यामागे भिंतीवर लावलेला वासुदेवरावांचा तो कागद वाचून विचारलं, "काका, हे जुनेपणानं झालं का?"

"नाही बाबू," केवळराम म्हणाला, "कागद खोटा आहे. हे मी केलो."