एका पाकळीनं उणी

मी जाळीची डिश बोलतेय. हो, तीच, राधानगरीकडच्या शिवारात गोठ्यामागं आ वासून पडलेली. हसा खुशाल! जयसिंगपुरात केबलवाल्याच्या गच्चीवर होते तेव्हा सगळ्या गावाच्या मालिका माझ्यातून जायच्या. छोट्या डिश आल्या आणि मला कुत्रं विचारेना.

भंगारातून मला क्रांतीनं उचललं. कोल्हापुरात फिजिक्स शिकणारी पोर, आईबापामागं चुलत्यानं, सयाजीतात्यानं वाढवलेली. गोठ्यामागं, उसाच्या कडेला तिनं मला उताणी बसवली आणि वायरीनं स्पीकरला नि लॅपटॉपला जोडली.

"तात्या, वर एक तारा फुटलाय. हजार वर्सं झाली, पर त्याचा धुरळा अजून खवळल्याला हाय. डोळ्याला न्हाई, पर रेडिओवर ऐकू येतोय."

"मेलेला तारा बोलतोय व्हय?"

"बोंबलतोय! आन् काळीज अजून गरागरा फिरतंय त्याचं, सेकंदाला तीसदा."

पहिल्याच दिवशी स्पीकरमधून टक्, टक् आलं. ठोका फारच संथ होता, पण आनंदात कोण मोजतंय! क्रांती नाचली, तात्यानं शेजारीपाजारी साखर वाटली. दुसऱ्या दिवशी झटका मशीनची बॅटरी उतरली, तसा ताराही गप्प. गव्यांना अडवायला कुंपणात झटके सोडणारी ती मशीन, तिचीच ती टकटक! पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"दिस मावळताना तासभर मशीन बंद ठिवूया की, तात्या. त्याबिगर खरा आवाज येणार न्हाई."

"आन् गवं शिरलं म्हंजे?" तात्या खेकसला. मग तिच्याकडं बघून त्यानं काठी उचलली. "बरं, बंद कर. मशीन न्हाई तर मी हाय की!"

मशीन थांबली. बाई गं, काय शांतता ती! आणि तो आला, ताऱ्याचा आवाज. बारीक, लांबून, एकसारखा चवताळलेला. लॅपटॉपवरची आवाज मोजणारी रेघ चढू लागली. अर्धी चढली नाही तोच उसात काडकाड झालं. तात्या ओरडला, "हाऽट! हाऽट!" नंतरची किंकाळी माणसाची वाटेना.

गव्यानं त्याला शिंगावर घेऊन बांधावर आपटलं होतं. पोट फाटलं होतं. क्रांतीनं ढेकळं मारमारून जनावर हाकललं, माणसं बोलावली, पण उचलायला काही मिळेना. तिनं पहार घातली आणि माझ्या जाळीची एक पाकळी उचकटली. वायरी तटातट तुटल्या. मेलं दुखलं, पण मला राग आला नाही. त्याच पाकळीवर तात्याला घातलं. जाळीतून रक्त ठिबकत होतं.

"आला काय गं, तारा?"

"आला, तात्या. पुरा आला. लई मोठा आवाज हाय त्याचा."

"मग झालं तर," तात्या म्हणाला. दवाखान्याला न्यायची गाडी रस्त्याला लागायच्या आत त्यानं प्राण सोडला.

रेघ अर्धीच राहिली होती. ते क्रांतीला ठाऊक आहे आणि मला. तेव्हापासून ती माझ्याकडं बघत नाही. माझ्याशेजारी आणून टाकलेल्या पाकळीवरचं रक्त गंजात मिसळून गेलं. उद्या भंगारवाला यायचाय.

पोरी, एवढं ऐक. तो तारा रोज डोक्यावरून जातोय, तसाच बोंबलत. ती पाकळी धुऊ नकोस, आहे तशी बसव आणि एकदाच मला वायर जोड. तात्याला सांगितलंस ते खरं होऊ दे. मग घाल मला खुशाल तराजूत.